विशेष शाळेत प्रवेश: शाळा शोधण्याआधीपासून पहिल्या सहामाहीपर्यंत

फेब्रुवारी उजाडला की आमच्या शाळेचा फोन वाजायला लागतो. पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी तेच: "ताई, जागा आहे का?" मुलाचं नाव, वय, त्याला काय आवडतं, हे सगळं नंतर. मी पुण्यातल्या एका छोट्या विशेष शाळेत शिकवते आणि प्रवेशाचं कामही बघते. पटावर २६ मुलं आहेत. फोन करणाऱ्या आईबाबांची घाई मला कळते, कारण बऱ्याच जणांना आधीच्या शाळेने "तुम्ही दुसरीकडे बघा" असं नुकतंच सांगितलेलं असतं. पण या घाईत सगळा क्रम उलटा होतो. आधी शाळा ठरते, मग फी भरली जाते, मग कागद गोळा होतात, आणि मूल नेमकं कसं आहे ते शाळेला ऑगस्टमध्ये समजतं. तोवर मुलाने शाळेचा धसका घेतलेला असतो.

हा क्रम सुलटा कसा करायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा एकाहून जास्त अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांना तो बहुतांशी तसाच वापरता येईल. मुलाला फक्त अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) असेल, तर बहुतेक वेळा नेहमीच्या शाळेतच सवलती आणि विशेष शिक्षकाची मदत पुरते. विशेष शाळेचा विचार करण्याआधी ते नीट तपासा.

हाताशी साधारण चार महिने ठेवा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून सुरुवात फेब्रुवारीत. दिवाळीनंतरच्या सत्रात घालायचं असेल तर जुलैत.

## टप्पा १: फाइल लावा

एकच फाइल करा. सगळ्यात नवा कागद वर. त्यात जन्माचा दाखला, मुलाचं आधार, शेवटची मानसशास्त्रीय तपासणी, कानांची आणि डोळ्यांची तपासणी, सध्याच्या औषधांची चिठ्ठी, गेल्या वर्षभरातले थेरपीचे अहवाल आणि असेल तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र.

तपासणी दोन वर्षांहून जुनी असेल तर नवी करून घ्या. रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. सरकारी रुग्णालयांतही सोय असते. कुठेही गेलात तरी वेळ मिळायला दिवस लागतात, म्हणून हे काम पहिलं. तपासणीत फक्त बुद्ध्यांकावर थांबू नका. बिने-कामत चाचणीसोबत व्हीएसएमएस, म्हणजे सामाजिक परिपक्वतेची मोजणी, झाली आहे का ते विचारा. आम्हाला वर्ग ठरवताना दुसरी जास्त उपयोगी पडते. ४५ बुद्ध्यांक असलेलं एक मूल स्वतः जेवतं, स्वतः कपडे बदलतं आणि दुसऱ्याला प्रत्येक घास भरवावा लागतो. आकडा दोघांचा एकच असतो.

कानांची तपासणी कधीच गाळू नका. "हाक मारली तर बघत नाही" याला स्वमग्नता म्हणून मोकळं होण्याआधी बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी) झालेली असली पाहिजे.

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी आता यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग रुग्णालयात तपासणीला जायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय). २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरतं असतं. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजनाही आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग मिळतो. अर्ज याच वेळी करून टाका, कागद हाताशी असतातच.

सावध: मूळ कागद कोणत्याही शाळेला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

त्याहून सावध: फिट्स लपवू नका. प्रवेश नाकारतील या भीतीने दरवर्षी एक-दोन पालक ही गोष्ट सांगत नाहीत, आणि मग आम्हाला ती वर्गात समजते. शाळेला चार गोष्टी लेखी द्या: फिट कशी दिसते, साधारण किती वेळ टिकते, फिटसाठी डॉक्टरांनी दिलेलं तातडीचं औषध कधी आणि किती द्यायचं, आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचं. फिट आली की घड्याळ बघायचं, मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठायचं. शाळेतल्या मावशी कांदा किंवा चप्पल हुंगवणार नाहीत ना, हे विचारायला लाजू नका. अजूनही हे होतं.

## टप्पा २: मुलाचं एक पान लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण नेमका हाच टप्पा बहुतेक जण करत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आला. बोलत नव्हता. सोबत जाडजूड फाइल, त्यात चौदा अहवाल. आम्ही सगळे वाचले. पहिले तीन दिवस त्याने शाळेत पाण्याचा थेंब घेतला नाही. वॉटरबॅग पुढे केली की मान फिरवायचा. आम्ही समजलो, नवी जागा आहे, रुळेल. चौथ्या दिवशी त्याची आजी घ्यायला आली. तिने आमच्या स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचा पेला घेतला, पाणी ओतलं आणि त्याच्या हातात दिला. त्याने सलग तीन पेले प्यायले. तो प्लास्टिकला तोंड लावत नाही, हे घरात सगळ्यांना इतकं सवयीचं होतं की सांगायचं कुणाला सुचलं नाही. आणि आम्ही विचारलं नाही. चूक आमची होती. मूल तीन दिवस तहानलेलं राहिलं, ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

त्या दिवसापासून आम्ही प्रवेशाआधी एक पान लिहून मागतो. तुमच्या शाळेने मागितलं नाही तरी द्या.

कसं लिहायचं? तीन दिवस एक वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा. मूल उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही त्याच्यासाठी जे जे न विचारता करता ते टिपा. चपातीचे तुकडे करून देता, गाडीत बसताना आधी त्याची बाजू ठरलेली असते, मिक्सर लावण्याआधी त्याला आतल्या खोलीत पाठवता. घरात आजी-आजोबा असतील, सांभाळणाऱ्या मावशी असतील, तर त्यांनाही विचारा. आईबाबा ज्याला "काही नाही, तसाच आहे" म्हणतात, ते त्यांना बारीकसारीक तपशिलासह माहीत असतं.

मग ते एका पानात उतरवा. मराठीत, साध्या वाक्यांत, अहवालाची भाषा न वापरता. पानात या गोष्टी याव्यात:

- हवं-नको कसं सांगतो. शब्द, हात धरून नेणं, बोट दाखवणं, रडणं. घरात ठरलेले शब्द असतील तर त्यांचा अर्थ: "मम म्हणजे पाणी, भूक नाही."
- शू-शीची वेळ आणि खूण. भारतीय पद्धतीचं चालतं की कमोडच लागतो. नाडी सोडता येते का.
- काय खातो, कशातून खातो, काय खाल्लं की त्रास होतो.
- कशाची भीती. कुकरची शिट्टी, फुगे, कुत्रा, माणसांची गर्दी.
- अनावर होण्याआधी काय दिसतं आणि मग कशाने शांत होतो.
- धोका कळतो का. रस्त्यावर पळतो का, उंचावर चढतो का, वस्तू तोंडात घालतो का.
- एकट्याने काय करतो. हे नक्की लिहा, बहुतेक पानांवर हेच नसतं.

वाक्य नेमकं हवं. "हायपर आहे" याने आम्हाला काही कळत नाही. "दहा मिनिटं बसतो, मग उठून दाराला हात लावून येतो, येऊ दिलं तर परत बसतो" याने सगळं कळतं. "हट्टी आहे" असं न लिहिता "टीव्ही बंद करायच्या आधी सांगितलं नाही तर डोकं आपटतो" असं लिहा.

थांबा, तपासा: हे पान मुलाला कधीही न भेटलेल्या शेजाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, "याला एक तास तुमच्याकडे ठेवलं तर पाणी द्याल का, शूला न्याल का, रडला तर काय कराल?" उत्तरं अडली तर पान अपुरं आहे.

## टप्पा ३: यादी करा, पण अंतरापासून

आता शाळा. पालक नावापासून सुरुवात करतात, मी सांगेन अंतरापासून करा. घरापासून व्हॅनने पाऊण तासाच्या आतल्या शाळाच आधी बघा. सिंहगड रस्त्यावरून सकाळी कोथरूड गाठायचं म्हणजे काय, हे नकाशा सांगत नाही. मूल दीड तास व्हॅनमध्ये बसून शाळेत पोहोचलं की त्याचा धीर तिथेच संपलेला असतो, आणि मग शाळा म्हणते, "सकाळी बसत नाही."

तीन-चार नावं पुरेत. फोनवर सगळ्यात आधी हे विचारा: तुमची शाळा नोंदणीकृत विशेष शाळा आहे की केंद्र? दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. आपल्या राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, त्यामुळे खात्री करणं पुणेकरांना अवघड नाही. शहरात 'लर्निंग सेंटर', 'थेरपी सेंटर' अशा नावांनी चांगलं काम करणाऱ्या कितीतरी जागा आहेत. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण ती शाळा नसते. ती शाळा सोडल्याचा दाखला देऊ शकत नाही.

सावध: मूल आत्ता नेहमीच्या शाळेच्या पटावर असेल, तर नव्या ठिकाणचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, तो ११ अंकी असतो) बघितल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका. दाखला काढून केंद्रात घातलं, तर मूल कोणत्याच पटावर राहत नाही, आणि पुढे दहावीच्या वेळी हे निस्तरताना फार धावपळ होते. केंद्रच निवडायचं असेल तर जुन्या शाळेशी बोलून पटावरचं नाव टिकवता येतं का ते आधी बघा.

दुसरा प्रश्न अनुदानाचा. अनुदानित विशेष शाळेत शिक्षण मोफत असतं, पण पट मोठा असतो आणि बऱ्याचदा एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी मान्यता असते. विनाअनुदानित छोट्या शाळेत मुलं कमी, लक्ष जास्त, पण फी भरावी लागते आणि शाळेची आर्थिक घडी नाजूक असते. यात चांगलं-वाईट असं काही नाही, मुलाची गरज बघा. फी जास्त म्हणजे शाळा चांगली, हे तर मुळीच नाही.

## टप्पा ४: आधी तुम्ही जा, मूल नको

पहिल्या भेटीत मुलाला नेलंत तर तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडे राहतं आणि शाळा बघायची राहून जाते. एकदा अकरा-साडेअकराला जा, एकदा शाळा सुटताना. सुटायची वेळ खूप काही सांगते: कोण कोणाच्या हातात मूल देतं, व्हॅनकाकांना मुलांची नावं माहीत आहेत का, फाटकाशी मोठं माणूस उभं आहे का.

"एका शिक्षिकेमागे किती मुलं?" असं विचारू नका. उत्तर कागदावरचं मिळतं. वर्गाच्या दारात उभं राहून मोजा: आत्ता, या क्षणी, खोलीत किती मुलं आणि किती मोठी माणसं आहेत? एका मुलाला शूला न्यावं लागलं तर मागे कोण उरतं?

शिक्षिकांची आरसीआय नोंदणी विचारा. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिचा कायदा १९९२ चा आहे. विशेष शिक्षकाकडे त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. सगळ्या शिक्षिकांकडे नसेल, पण वर्गाची जबाबदारी असलेल्या ताईंकडे हवाच.

स्वच्छतागृह बघितल्याशिवाय परत येऊ नका. ओलं आहे का, आधाराला दांडा आहे का, दार बाहेरून उघडतं का, मोठ्या मुलींसाठी आडोसा आहे का, आणि कपडे बदलायला कोण मदत करतं. शेवटचा प्रश्न थेट विचारा. मुलाच्या अंगाला कोण हात लावतं हे जाणून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नीट चालणाऱ्या शाळेत याचं ठरलेलं, लेखी उत्तर असतं.

पुण्यातल्या छोट्या शाळा बऱ्याचदा भाड्याच्या बंगल्यात असतात. म्हणून आणखी तीन गोष्टी. फाटकाची कडी मुलांच्या हाताला येते का? शेजारी मंगल कार्यालय आहे का? मुहूर्ताच्या दिवसांत भरदुपारी बँड वाजतो, आणि आवाजाचा त्रास असलेल्या मुलाचा तो अख्खा दिवस जातो. गणपतीच्या दहा दिवसांत शाळेच्या रस्त्यावर मांडव पडतो का, हेही विचारून घ्या. आणि भाडेकरार किती दिवसांचा आहे? अकरा महिन्यांचे करार सर्रास असतात. शाळा वर्षाच्या मध्ये दुसऱ्या जागी गेली, तर आत्ताच रुळलेलं मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. शाळेला हा प्रश्न आवडणार नाही. तरी विचारा.

सगळ्यात शेवटी, मोठ्या मुलांचा वर्ग बघायला मागा. तुमचं मूल सहा वर्षांचं असलं तरी. पंधरा-सोळा वर्षांची मुलं काय करत आहेत? भाजी निवडत असतील, पैसे मोजत असतील, पाकिटं बनवत असतील, मिळून पोहे करत असतील, तर शाळा पुढचा विचार करते. तीसुद्धा मणी ओवत आणि चित्रं रंगवत बसली असतील, तर तुमचं मूल दहा वर्षांनी कुठे असेल ते तुम्हाला दिसलं.

थांबा, तपासा: मुख्याध्यापिकांना एकच विचारा: "गेल्या आठवड्यात एखादं मूल अनावर झालं होतं का, तेव्हा काय केलंत?" "आमच्याकडे असं होत नाही" हे उत्तर आलं तर मी तिथे मूल घालणार नाही. प्रत्येक शाळेत होतं. ज्यांना घडलेला प्रसंग, त्याचं कारण आणि पुढच्या वेळी काय बदललं हे सांगता येतं, त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

## टप्पा ५: मुलाचा निरीक्षणाचा दिवस

आता मुलाला न्या. एक तास पुरे. पोट भरलेलं, झोप झालेली, नेहमीचे कपडे. नवे कपडे, नवे बूट नकोत. त्याचं पान आदल्या दिवशी शाळेला पोहोचलेलं असू द्या.

तिथे त्याच्याकडून काही करून दाखवून घेऊ नका. "एबीसीडी म्हण ना ताईंना" याने आम्हाला काही मिळत नाही आणि मुलावर दडपण येतं. तो कोपऱ्यात बसला तर बसू द्या. तुम्ही ताईंकडे बघा: त्या त्याच्या उंचीला खाली बसतात का, त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलतात का, त्याच्या "नको"ला मान देतात का.

शाळेने "आम्हाला जमणार नाही" म्हटलं तर कारण विचारा. प्रामाणिक नकार तुमचं एक वर्ष वाचवतो.

## टप्पा ६: पैसे देण्याआधी लेखी काय घ्यायचं

हे थोडक्यात. फीमध्ये स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या कामांची) थेरपी धरली आहे का, आठवड्यातून किती वेळा, एकट्याला की गटात. मे महिन्याची फी लागते का. मूल आजारी पडून महिनाभर आलं नाही तर काय. मध्येच काढलं तर किती परत मिळतं. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त तुमच्या मुलासोबत राहणारी मदतनीस, लागेल असं म्हणत असतील तर तिचा पगार कोण देणार आणि ती कुणाचं ऐकणार. व्हॅन शाळेची की खासगी, आणि व्हॅनमध्ये चालकाशिवाय मदतनीस बाई आहे का. मुलाचे फोटो कुठे टाकणार, तुमच्या लेखी परवानगीशिवाय टाकणार नाहीत ना.

तोंडी ठरलेलं घरी येऊन एका मेसेजमध्ये लिहा आणि मुख्याध्यापिकांना पाठवा: "आज आपलं असं ठरलं, बरोबर आहे ना?" त्यांचं "हो" आलं की ते जपून ठेवा.

## टप्पा ७: घरची तयारी, शेवटचे तीन आठवडे

जूनमध्ये एकाच दिवशी शाळा नवी, व्हॅन नवी, डबा नवा, दप्तर नवं आणि बाहेर पाऊस, असं होऊ देऊ नका. एकेक गोष्ट आधी ओळखीची करा.

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. शाळेचं फाटक, वर्ग, ताई, स्वच्छतागृह यांचे फोटो मागून घ्या, छापा, आणि रोज संध्याकाळी एकदा मुलाबरोबर बघा. आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्याने शाळेच्या दारापर्यंत जाऊन या. रेनकोट घरात घालायची सवय करा. कितीतरी मुलांना त्या प्लास्टिकचा स्पर्श सहन होत नाही, आणि ते आपल्याला पहिल्या पावसात समजतं.

डबा शाळेत नेणार तोच रोज घरी वापरा. उघडायला शिकवताना शेवटापासून शिकवा. पहिले चार दिवस झाकण तुम्ही जवळजवळ पूर्ण उघडा, शेवटचं ओढणं फक्त त्याने करायचं, आणि लगेच आत आवडीचा घास. मग थोडं कमी उघडा, मग आणखी कमी. सुरुवातीपासून "तू उघड" म्हटलं की मूल हरतं आणि डबा भिरकावतं. शेवटापासून गेलं की प्रत्येक वेळी उघडायचं यश त्याचंच असतं. बुटाचा पट्टा, चड्डी वर ओढणं, दप्तराची चेन, सगळं असंच.

सावध: या तीन आठवड्यांत आणि पुढच्या सहा आठवड्यांत नवं काही सुरू करू नका: नवी थेरपी, नवा आहार. डॉक्टरांनी औषध बदलायचं म्हटलं तर त्यांना शाळा सुरू होण्याची तारीख सांगा आणि थांबता येईल का ते विचारा. मनाने औषध बंद किंवा कमी कधीही करू नका.

## टप्पा ८: पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात एक तास, दुसऱ्यात दीड-दोन, मग डब्यापर्यंत, मग पूर्ण. मूल रडायच्या आत घरी न्या. हसतं असताना शाळा सुटली तर दुसऱ्या दिवशी पाय आत पडतो. नोकरी करणाऱ्या पालकांना हे अवघड जातं, मला माहीत आहे. दोन आठवड्यांची रजा याच वेळेसाठी राखून ठेवा, नाहीतर काका, मामी, आजोबा यांच्या पाळ्या लावा.

निरोप एकाच पद्धतीने, छोटा. "आई येणार, डब्यानंतर." मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप निसटू नका. ते एकदा वळून बघतं, आई नसते, आणि मग आठवडाभर ते तुमचा पदर सोडत नाही.

शाळेबरोबर एक वही सुरू करा. त्यात दोन्ही बाजूंनी रोज तीनच ओळी. घरून: झोप किती, पोट साफ झालं का, काही वेगळं घडलं का. शाळेकडून: काय खाल्लं, शू किती वेळा, आज काय आवडलं. "दिवस कसा गेला?" विचारलं की "छान" एवढंच येतं, म्हणून प्रश्न ठरलेले हवेत.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरी वागणं बिघडेल. रात्री उठणं, चावणं, सुटलेली सवय परत येणं. बरेच पालक याच आठवड्यात मूल काढून घेतात. दिवसभर स्वतःला आवरून धरलेलं मूल घरी आल्यावर मोकळं होतं, एवढंच ते असू शकतं. शाळा सुटल्यावर तासभर काहीही मागू नका. अंधारी खोली, झोका, पाणी, जे त्याला लागतं ते द्या.

पण हे वेगळं: अंगावर वळ किंवा चिमट्याच्या खुणा, एका विशिष्ट माणसाला बघून थिजणं, कपडे काढताना अचानक घाबरणं, शूच्या जागी दुखणं. याला "रुळण्याचा त्रास" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, शाळेला लेखी विचारा. लैंगिक छळाचा संशय असेल तर शाळेच्या उत्तराची वाट न बघता पोलिसांकडे जा. न बोलणाऱ्या मुलालाही २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं (लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा कायदा) पूर्ण संरक्षण आहे, आणि जबाबाच्या वेळी विशेष शिक्षकाची मदत घेता येते.

## टप्पा ९: आयईपीची बैठक

शाळा सुरू होऊन सहा ते आठ आठवड्यांत वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, तयार व्हायला हवा. शाळेने तारीख दिली नाही तर तुम्ही मागा. शक्य असेल तर दोघेही जा.

आराखड्यात वीस उद्दिष्टं असतील तर एकही पूर्ण होणार नाही. सहा महिन्यांना चार-पाच पुरेत, आणि त्यातली निदान दोन घरच्या जगण्यातली हवीत. प्रत्येक उद्दिष्टाला एकच कसोटी लावा: परक्या माणसाने बघून हो की नाही सांगता येईल का?

"संवाद सुधारणे" हे त्या कसोटीला उतरत नाही. "डबा उघडत नसेल तेव्हा शब्दाने, खुणेने किंवा चित्रकार्डाने मदत मागेल, पाचपैकी चार वेळा" हे उतरतं. "स्वावलंबन" नको, "शू झाल्यावर चड्डी स्वतः वर ओढेल, तोंडी आठवण एकदाच" असं हवं.

पालकांची इथली नेहमीची चूक म्हणजे लिहिण्यावाचण्याचा आग्रह. मलाही मुलांनी वाचावं असं फार वाटतं, आणि ज्यांना जमतं त्यांच्याकडून आम्ही झटून करून घेतो. पण ज्या मुलाला अजून "दुखतंय" सांगता येत नाही, त्याच्या आराखड्यात मुळाक्षरं पहिली नकोत. आधी दुखणं सांगता येऊ द्या.

प्रत्येक उद्दिष्टापुढे घरी कोण काय करणार तेही लिहा. शाळेत कार्ड वापरतात आणि घरी न मागताच सगळं हातात मिळतं, असं असेल तर कार्ड शाळेपुरतंच राहतं. सही करून एक प्रत घरी आणा.

## टप्पा १०: सहामाही, आणि शाळा बदलावी लागली तर

दिवाळीच्या सुट्टीआधी आराखड्याची प्रत घेऊन बसा. पाचपैकी दोन उद्दिष्टं पूर्ण, दोन अर्ध्यावर, एक सोडून दिलं, हे चांगलं चाललेलं वर्ष आहे. पाचही जागच्या जागी असतील, तर आधी उद्दिष्टं लहान करा, शिकवण्याची पद्धत बदलायला सांगा, आणि तीन महिने द्या. त्यानंतरही हलत नसेल किंवा शाळा नोंदीच ठेवत नसेल, तर दुसरी शाळा बघायला लागा. पण नवी शाळा पक्की होईपर्यंत जुनी सोडू नका.

दहावीचा विचार असेल तर मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत तो शाळेशी बोलून ठेवा. बऱ्याच विशेष शाळा कोणत्याही मंडळाला जोडलेल्या नसतात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा रस्ता अनेक मुलांना मानवतो: माध्यमिकसाठी किमान वय १४, आणि पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळे एका वेळी एक-दोन विषयही देता येतात. त्याच्या आधीच्या पातळ्या अ, ब, क अशा आहेत, साधारण तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. पुण्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे.

मूल अठराचं होण्याच्या आधीच्या वर्षात आणखी एक काम. अठरानंतर आईबाबा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. निरामयसाठी सांगितलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो.

शाळा सोडताना मागून घ्यायचं: शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचा आराखडा, त्याच्या नोंदी, थेरपीचे अहवाल आणि शेवटच्या ताईंनी हाताने लिहिलेलं एक पान. त्यांना तेच विचारा जे तुम्ही स्वतःला टप्पा २ मध्ये विचारलं होतं: काय न विचारता करता याच्यासाठी? ते पान तुमच्या पानाला टाचणीने जोडा आणि नव्या शाळेला सगळ्यात आधी ते द्या.